नागपुरात टाइम-लॅप्स करताना : साहित्याची निवड आणि कामाचा क्रम

टाइम-लॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेले फोटो जोडून केलेली, काळ भराभर पळवणारी क्लिप. फुटाळा तलावावर तास-दीड तास कॅमेरा लावून बसायचं, शेकडो फोटो आणायचे आणि घरी क्लिप जोडली की आकाश लुकलुकताना दिसायचं. क्षितिज मधेच धक्का बसल्यासारखं सरकलेलं असतं आणि बारा सेकंदांची धरलेली क्लिप चार सेकंदांत संपते. अशा तक्रारी सतत येतात. त्यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. चूक बहुतेक वेळा पहिला फोटो घेण्याआधीच झालेली असते.

नियम एकच लक्षात ठेवा : लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये, म्हणजे क्लिपमधल्या दोन फोटोंमध्ये, विषय सोडून दुसरं काहीही बदलता कामा नये. ढग सरकू देत, गाड्या पळू देत, कळी उमलू दे. कॅमेऱ्याची जागा, फोकस, रंग आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड घेतला ते) जिथल्या तिथे राहिलं पाहिजे. साहित्य घेतानाही हाच नियम लावा, म्हणजे निम्मी खरेदी आपोआप टळते.

टप्पा १ : आधी हिशेब

बॅग भरण्याआधी कागदावर दोन गुणाकार करा.

क्लिपचे सेकंद × २५ = लागणाऱ्या फ्रेम (क्लिपच्या एका सेकंदात २५ फ्रेम धावतात).
फ्रेम × इंटरव्हल (एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ) = जागेवर थांबायचा वेळ.

दहा सेकंदांच्या क्लिपला २५० फ्रेम लागतात. सुरुवात आणि शेवट कापावा लागतोच, म्हणून ३०० धरा. या ३०० फ्रेमना २ सेकंदांच्या इंटरव्हलने १० मिनिटं लागतात, ५ सेकंदांनी २५ मिनिटं, १० सेकंदांनी ५० मिनिटं आणि १ मिनिटाने पाच तास. हा हिशेब न केल्यामुळेच लोक दहा सेकंदांचा इंटरव्हल लावतात, वीस मिनिटांत कंटाळून सामान आवरतात आणि पाच सेकंदांची क्लिप घेऊन घरी येतात.

इंटरव्हल विषयाच्या वेगावरून ठरतो. व्हेरायटी चौकातली वाहतूक किंवा मेट्रोची ये-जा १ ते २ सेकंदांनी घ्यावी. जूनमध्ये पावसाआधी वेगाने धावणाऱ्या ढगांना २ ते ३ सेकंद, हिवाळ्यातल्या संथ ढगांना ६ ते ८. सूर्यास्ताला ५ ते ८ सेकंद पुरतात, इमारतीच्या सरकत्या सावलीला २० ते ३० लागतात. फूल उमलताना दाखवायचं तर २ ते ३ मिनिटं आणि घराचं बांधकाम महिनोनमहिने टिपायचं तर १५ ते ३० मिनिटं.

दोन आकड्यांमध्ये घुटमळत असाल तर लहान आकडा घ्या. जास्तीच्या फ्रेम आल्या तर एक सोडून एक टाकता येते. न घेतलेली फ्रेम नंतर कुठूनच आणता येत नाही.

खात्री करा : ३०० फ्रेमना कार्डावर किती जागा लागेल? २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) साधारण २५ एमबी धरली, तर ३०० फ्रेमचे साडेसात जीबी होतात. कार्ड रिकामं करूनच निघा. जागेवर फोटो पुसत बसायला वेळ मिळत नाही.

टप्पा २ : साहित्य, खरेदीच्या क्रमाने

पैसे मोजकेच असतील तर ते याच क्रमाने खर्च करा.

ट्रायपॉड. पहिला आणि मोठा खर्च इथे. हलका, बारीक पायांचा ट्रायपॉड फिरायला बरा वाटतो, पण वाऱ्यात थरथरतो. दुकानात तो पूर्ण उंचीला उभा करा, माथ्यावर बोटाने टिचकी मारा आणि थरथर थांबायला किती वेळ लागतो ते पाहा. मधल्या दांड्याखाली वजन अडकवायचा हूक हवाच. डोकं घट्ट आवळल्यावर ज्याचं तोंड कॅमेऱ्याच्या भाराने हळूहळू खाली झुकतं, तो ट्रायपॉड घेऊ नका. दोन सेकंदांत हे कळत नाही. दुकानदाराला विचारून लेन्ससह कॅमेरा चढवा आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या.

कॅमेरा. मॅन्युअल मोड, मॅन्युअल फोकस आणि रॉ, एवढं असलं की बस. दहा वर्षं जुना डीएसएलआरसुद्धा ६००० × ४००० पिक्सेल देत असेल, तर ३८४० × २१६० च्या ४के क्लिपला तो पुरून उरतो आणि वर थोडं क्रॉप करायलाही जागा राहते. या कामासाठी नवा कॅमेरा घ्यायची घाई करू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. वापरलेला घेत असाल तर शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारा. प्राथमिक श्रेणीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर एक लाख क्लिकच्या आसपास चालेल असं धरून बनवलेलं असतं आणि टाइम-लॅप्सच्या एकेका संध्याकाळी त्यातले पाचशे-हजार सहज संपतात.

इंटरव्हल टायमर. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत तो असतोच, आधी तिथे शोधा. नसेल तर केबलवाला बाहेरचा टायमर मिळतो. त्याची पिन कॅमेऱ्यागणिक वेगळी असते, त्यामुळे मॉडेल क्रमांक लिहून न्या.

वीज. एक जादा बॅटरी किमान हवी. दोन तासांच्या पुढचं काम असेल तर डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून बाहेरून वीज घेणारा ठोकळा) किंवा पॉवर बँकेवर चालणारी जोडणी घ्या. यूएसबीने फक्त चार्ज होणारा आणि यूएसबीवर चालू राहणारा, हे दोन वेगळे कॅमेरे आहेत. तुमचा कोणता, ते घरी तपासून ठेवा.

एनडी फिल्टर. लेन्ससमोर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच. तो पाचव्या क्रमांकावर का आहे, ते टप्पा ५ मध्ये कळेल. एकच घ्यायचा तर एनडी ६४ घ्या. तो सहा स्टॉप उजेड कमी करतो (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो). फिरवून गडद करायचे व्हेरिएबल फिल्टर रुंद लेन्सवर आकाशात काळी फुली उमटवतात. टाइम-लॅप्समध्ये आकाशच जास्त असतं, म्हणून ते टाळलेले बरे.

स्लायडर (कॅमेरा सरकवायची पट्टी) आणि मोटर लावलेलं डोकं सगळ्यात शेवटी. स्थिर कॅमेऱ्याने दहा निर्दोष क्लिप निघेपर्यंत तिकडे वळू नका.

मोबाइलवरच सुरुवात करायची असेल तरी हरकत नाही. पण कॅमेरा अ‍ॅपमधला तयार टाइम-लॅप्स मोड इंटरव्हल आणि एक्सपोजर बहुधा स्वतःच ठरवतो. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा या मोफत अ‍ॅपमध्ये ठरावीक अंतराने फोटो घेण्याची सोय आहे, आणि फोन साथ देत असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) व शटर (उजेड आत येण्याचा वेळ) हेही हाताने ठरवता येतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि होल्डर घट्ट आवळा. एका फोन कॉलने अख्खी मालिका वाया जाते.

टप्पा ३ : जागा, दिशा, हवा

नागपूरचा सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. जूनअखेरीला तो सातच्या सुमारास मावळतो आणि नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला असतो. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा तेवढाच दक्षिणेला. म्हणजे दोन टोकांत ५० अंशांचा फरक. मे महिन्यात अंबाझरीच्या काठावर पाहून ठेवलेली फ्रेम डिसेंबरात उपयोगी पडणार नाही. जायच्या दिवसाची दिशा फोनमधल्या कंपासवर किंवा सूर्याचा मार्ग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर पाहूनच जागा ठरवा. दुसरं म्हणजे, आपल्याकडे सूर्य सरळ खाली उतरत नाही. उजवीकडे झुकत उतरतो. तो फ्रेमच्या मध्यावर धरून सुरुवात केली तर मावळताना उजव्या बाजूला गेलेला असतो. सुरुवातीला त्याला मध्याच्या डावीकडे ठेवा.

उड्डाणपुलावर किंवा रामझुल्यावर ट्रायपॉड लावू नका. अवजड गाडी गेली की पूल थरथरतो आणि प्रत्येक तिसरी-चौथी फ्रेम हललेली येते. पूल दाखवायचाच असेल तर शेजारच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून दाखवा. मालकाची परवानगी आधी घ्या. मेट्रो आणि रेल्वे स्थानकांत ट्रायपॉडला परवानगी लागते. सीताबर्डी किल्ला आणि कामठी हे लष्करी परिसर आहेत, तिकडे कॅमेरा वळवू नये.

ताऱ्यांसाठी शहराच्या उजेडापासून दूर जावं लागतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या क्षेत्राला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. भारतातलं ते पहिलंच. रात्री वनक्षेत्रात आपल्या मर्जीने थांबता येत नाही, वनविभागाकडे आधी विचारणा करा. आकाशगंगेचा दाट पट्टा मार्चमध्ये पहाटे तीननंतर आणि मेमध्ये रात्री साडेदहानंतर दक्षिणेकडे चांगला वर आलेला असतो. अमावास्येच्या आसपासचे चार दिवस निवडा. जूनच्या मध्यानंतर ढगांमुळे रात्री वाया जातात.

सावधान, ऊन : बहुतेक कॅमेरे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच चालवायचे म्हणून बनवलेले असतात. नवतपात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात ठेवलेली काळी बॉडी हवेपेक्षाही जास्त तापते. मेमध्ये सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच काम करा. कॅमेऱ्यावर पांढरा दुपट्टा टाकायचा तर चिमट्यांनी घट्ट बांधा, कारण त्याचं टोक फडफडलं की फ्रेम हलते. पॉवर बँक सावलीत ठेवा. बंद गाडीत बॅटऱ्या ठेवून जाऊ नका.

सावधान, वीज : पावसाळी ढग टिपताना गच्चीवर ट्रायपॉडपाशी उभे राहू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, की कॅमेरा तिथेच सोडून खाली उतरा.

टप्पा ४ : ट्रायपॉड रोवणं

जाड पाय आधी उघडा. सगळ्यात खालचा बारीक भाग शक्यतो आतच राहू द्या. मधला दांडा वर काढू नका. तिन्ही पायांचे लॉक हाताने दाबून पाहा. हुकाला गिट्टी किंवा वाळू भरलेली पिशवी अडकवा आणि दोरी इतकी सैल ठेवा, की पिशवीचा तळ जमिनीला टेकेल. अधांतरी लोंबकळणारी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि ट्रायपॉड आणखी हलतो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडची काळी माती ओली असली की तासाभरात ट्रायपॉडचा पाय तिच्यात रुततो. फोटो काढताना ते दिसत नाही, क्लिपमध्ये मात्र क्षितिज हळूहळू कलत जातं. प्रत्येक पायाखाली विटेचा तुकडा किंवा तळहाताएवढं प्लाय ठेवा आणि वरून जोराने दाबून बसवून घ्या. तलावाकाठच्या मऊ जमिनीवरही हेच करा.

कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून टाका. केबल ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधा.

खात्री करा : लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू चित्र) दहापट मोठा करून दूरच्या एखाद्या खांबाच्या कडेवर आणा आणि ट्रायपॉडशेजारी दोन पावलं चाला. कडा हलली, तर जागा बदला.

टप्पा ५ : कॅमेऱ्याची मांडणी, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. फोकस आधी आणि झूम नंतर केलं तर फोकस सरकतो. फिल्टर आधी लावला तर गडद चित्रावर फोकसच जमत नाही.

१. फ्रेम ठरवा. झूमची रिंग चिकटपट्टीने बांधा. १६:९ मध्ये वरखाली कापलं जाणार आहे, हे लक्षात घेऊन थोडी जागा सोडा.

२. फोकस. ऑटोफोकसने दूरच्या स्पष्ट कडेवर घ्या, मग एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) टाका आणि रिंगलाही चिकटपट्टी लावा. रात्री एखादा ठळक तारा किंवा दूरचा दिवा दहापट मोठा करून तो सर्वांत बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर डोळे झाकून विसंबू नका. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात.

३. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद. ट्रायपॉडवर ते स्वतःच चित्र इकडेतिकडे सरकवत राहतं.

४. मोड मॅन्युअल. ऑटो आयएसओ बंद. हे लोक हमखास विसरतात, कारण मोड ‘एम’वर असला तरी ऑटो आयएसओ चालूच राहू शकतो.

५. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांचा समतोल) ऑटोवर नको. दिवसा ‘डेलाइट’ ठेवा. रॉ घेत असाल तर रंग नंतरही बदलता येतो, तरी सगळ्या फ्रेमचा आरंभ एकसारखा असला की काम सोपं होतं.

६. अ‍ॅपर्चर. लेन्समधून उजेड आत येण्याची उघडी; एफचा आकडा मोठा तेवढी ती लहान. एफ/४ ते एफ/८ च्या दरम्यान ठेवा, जमलं तर लेन्सच्या सगळ्यात मोठ्या उघडीपर्यंत. कारण असं : प्रत्येक फोटोच्या वेळी लेन्समधली पाती मिटतात आणि पुन्हा उघडतात. दरवेळी ती केसभर वेगळ्या जागी थांबतात. एका फोटोत हा फरक दिसत नाही. सेकंदाला पंचवीस फ्रेम धावल्या की तोच लुकलुक म्हणून डोळ्यांत भरतो. पाती जितकी जास्त मिटतात तितका हा फरक वाढतो. म्हणून एफ/१६, एफ/२२ टाळा. तिथे सेन्सरवरची धूळही डाग होऊन उमटते. लेन्स पूर्ण उघडी असेल तर पाती हलतच नाहीत. अ‍ॅपर्चरची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॅप्टरने लावली तर हा प्रश्न मुळातच संपतो, आणि अशी लेन्स सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळते.

७. शटर स्पीड. हालचाल सलग वाटावी असं हवं असेल तर शटर इंटरव्हलच्या निम्म्याच्या जवळ न्या. वाहतुकीला २ सेकंदांचा इंटरव्हल असेल तर शटर एका सेकंदाच्या आसपास. १/५०० ला घेतल्या तर गाड्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारताना दिसतात. इथे एनडी फिल्टर लागतो. कडक उन्हात आयएसओ १००, एफ/११ ला शटर १/२०० च्या जवळपास येतो. एनडी ६४ लावला की तो एक तृतीयांश सेकंद होतो. पूर्ण एक सेकंद झाला नाही, तरी गाड्यांच्या उड्या बऱ्याच मऊ होतात. ढगांना फिल्टरची फारशी गरज नसते. ते विनाफिल्टरही चांगले सरकतात.

८. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद. हे चालू असेल तर पंधरा सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी पंधरा सेकंद शटर बंद ठेवून काळी फ्रेम घेतो. ताऱ्यांच्या मालिकेत प्रत्येक दुसरी फ्रेम गायब होते ती यामुळेच.

९. फोटोनंतरचा प्रिव्ह्यू बंद, स्क्रीनचा उजेड कमी, वाय-फाय बंद. बॅटरी वाचते.

१०. फिल्टर शेवटी, हलक्या हाताने. लावून झाल्यावर एक फोटो मोठा करून फोकस पुन्हा पाहा.

रस्त्यावरच्या दिव्यांखाली आणखी एक गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा. वेगवान शटरला काही फ्रेम उजळ, काही काळपट येतात. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टेही उमटतात.

टप्पा ६ : वीस फ्रेमची चाचणी

टायमरवर इंटरव्हल लावा, पण ३०० फ्रेमचं काम लगेच सुरू करू नका. इंटरव्हलमध्ये शटरचा वेळ आणि फोटो कार्डावर लिहिण्याचा वेळ, दोन्ही मावले पाहिजेत. शटर १५ सेकंद असेल तर इंटरव्हल १८ ते २०. बाहेरच्या काही टायमरमध्ये इंटरव्हल एका फोटोच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, काहींत फोटो संपल्यापासून. तुमचा कोणता, ते फोनच्या स्टॉपवॉचवर पाहून घ्या.

वीस फ्रेम झाल्या की थांबवा आणि पाहा : वीसच्या वीस आल्या का? आकाश फाटलेलं, म्हणजे हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटलेला नाही ना? पहिली आणि विसावी फ्रेम आलटूनपालटून पाहिल्यावर दूरची कडा हलते का? चाकाने भराभर पुढे नेलं तर उजेड लुकलुकतो का? चारही उत्तरं चांगली असतील, तरच मुख्य मालिका सुरू करा. ही दोन मिनिटं वाचवणारा माणूस अख्खी संध्याकाळ गमावतो.

टप्पा ७ : मालिका चालू असताना

कॅमेऱ्याला हात लावू नका. सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. दर दहा मिनिटांनी फ्रेमचा आकडा, बॅटरी आणि लेन्सची काच एवढंच पाहा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तलावाकाठी काचेवर दव बसतं आणि क्लिप धूसर होत जाते. लेन्सभोवती यूएसबीवर चालणारा गरम पट्टा बांधला तर ते टळतं. पुसायचंच झालं तर दोन फोटोंच्या मधल्या वेळात, मऊ कापडाने आणि ढकलाढकली न करता.

लोक विचारायला येतात, मुलं जवळ येतात. ट्रायपॉडच्या पायांभोवती बॅगा ठेवून आडोसा करा आणि कॅमेऱ्यामागे उभे राहून प्रेमाने सांगा, की दहा मिनिटांनी दाखवतो.

टप्पा ८ : उजेडातून अंधारात

सूर्यास्तापासून शहराचे दिवे लागेपर्यंतची क्लिप सगळ्यांना हवी असते आणि सगळ्यात जास्त बिघडतेही हीच. कारण उजेड किती पडतो, याचा अंदाज नसतो. सूर्य असताना एफ/४, १/१०००, आयएसओ १०० असतं. पूर्ण अंधारात तेच एफ/४, २ सेकंद, आयएसओ ८०० पर्यंत जाऊ शकतं. हा चौदा स्टॉपचा प्रवास आहे. तो एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी करायचा, म्हणजे बेचाळीस पायऱ्या होतात.

सुरुवात सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी करा आणि मावळल्यावर किमान पाऊण तास थांबा. इंटरव्हल ६ सेकंद ठेवा, शेवटचा २ सेकंदांचा शटर त्यात आरामात बसतो. अ‍ॅपर्चर शेवटपर्यंत हलवायचं नाही. आधी फक्त शटर संथ करत जायचं. तो २ सेकंदांवर आला की मग आयएसओ.

पायरी कधी घ्यायची? हिस्टोग्राम पाहा. त्याचा उंचवटा डावीकडे थोडा सरकला की एक पायरी उतरा, दोन कधीच एकदम नको. सूर्य बुडेपर्यंत पायऱ्या सावकाश येतात. मग वेग एकदम वाढतो, कारण आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर संपतो. सूर्यास्तानंतर साधारण पंचवीस मिनिटांत मोठा उजेड गेलेला असतो. या वेळात नजर हलवू नका. पूर्ण अंधार म्हणजे काळं चित्र असं नाही, तरी रात्र रात्रच दिसली पाहिजे. शेवटच्या पायऱ्या थोड्या राखून घ्या, नाहीतर रात्र दिवसासारखी उजळ दिसते.

बटण दाबताना फ्रेम हलण्याची भीती इथे सगळ्यात जास्त. फोटो झाल्याचा आवाज आला की लगेच चाक एक खाच फिरवा आणि हात काढा. पुढच्या फोटोआधी थरथर शमायला तीन-चार सेकंद मिळतात. फोनवरून कॅमेरा चालवता येत असेल तर उत्तमच, फक्त बॅटरी लवकर उतरते, तेव्हा बाहेरून वीज द्या.

दुसरा मार्ग अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडचा. कॅमेरा शटर स्वतः बदलतो आणि त्यातली लुकलुक नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढायची. तो सोपा आहे, पण समोरून गाडीचे दिवे आले की उजेड मोजणारा मीटर फसतो आणि ती एकटी फ्रेम काळी येते. डीएसएलआर असेल तर पाठीमागून व्ह्यूफाइंडरमध्ये शिरणारा उजेडही मीटरला फसवतो, तो झाकून घ्या.

सावधान : डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नका. टेलिफोटो लेन्स सूर्यावर रोखून कॅमेरा उभा करून ठेवू नका. डोळा आणि सेन्सर दोघांनाही इजा होते.

टप्पा ९ : घरातला प्रयोग, संत्र्याचा फुलोरा

संत्र्याच्या आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा हा प्रयोग करता येतो. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या बागेतून शेतकऱ्याला विचारून टपोरी, पांढरी, अजून मिटलेली कळी असलेली डहाळी आणा. देठ पाण्यात तिरका कापा आणि बाटलीत ठेवा. एकाच कळीवर भिस्त ठेवू नका, चार-पाच कळ्या फ्रेममध्ये येतील असं पाहा. डहाळी कळीच्या खाली चार बोटं अंतरावर काडीला बांधा. पाणी पिऊन ती वळते आणि न बांधलेली कळी फ्रेमबाहेर जाते.

खोलीत सूर्याचा उजेड अजिबात येता कामा नये. खिडकीवर जाड चादर, ट्यूबलाइट बंद आणि फक्त एक एलईडी पॅनेल. त्याला बॅटरीची किंवा इन्व्हर्टरची जोड द्या, कारण रात्री दोन मिनिटं वीज गेली की त्या फ्रेम काळ्या येतात आणि कॅमेरा अ‍ॅडॅप्टरवर असेल तर मालिकाच तुटते. पंखा बंद, कूलर तर नक्कीच बंद. कूलरचं कंपन फरशीतून टेबलापर्यंत पोहोचतं. म्हणून हे काम थंडीतच करायचं. कळी कधी उमलेल याचा नेम नसतो, तेव्हा ३ मिनिटांच्या इंटरव्हलने चोवीस तास चालू ठेवा; ४८० फ्रेम होतील. कळी कॅमेऱ्याकडे उमलते म्हणून फोकस तिच्या सध्याच्या टोकावर न घेता किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला घ्या आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा. पात्यांमुळे येणारी बारीक लुकलुक इथे सॉफ्टवेअरने काढता येते, फोकसबाहेर गेलेली पाकळी मात्र परत आणता येत नाही.

टप्पा १० : फ्रेम जोडणं

सगळ्या फाइल आधी संगणकात आणि बाहेरच्या डिस्कवर, अशा दोन ठिकाणी उतरवा, मगच कार्ड फॉर्मॅट करा. प्रत्येक मालिकेचा स्वतंत्र फोल्डर करा. फाइल क्रमांक ९९९९ नंतर ०००१ होतो. मालिका मधेच उलटली असेल तर काढल्याच्या वेळेनुसार लावून नावं नव्याने द्या, नाहीतर क्लिपचा शेवट सुरुवातीला येतो.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये मधली एखादी फ्रेम सुधारून तीच मांडणी सगळ्यांना लावा. एकेक फ्रेम वेगळी सुधारायला गेलात, तर लुकलुक तुम्हीच तयार कराल. आपोआप उजेड ठरवणारं ‘ऑटो’ बटणही याच कारणाने नको. उजेडातून अंधारात जाणाऱ्या मालिकेला पायऱ्यांचे बारीक धक्के असतात. ते एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक फ्रेम निवडून मऊ करता येतात.

जोडायला डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. ती ३८४० × २१६० पर्यंत क्लिप काढून देते. एक चूक इथे बहुतेक सगळेच करतात : फ्रेम आधी आत टाकतात आणि मग फ्रेम रेट बदलू पाहतात. टाइमलाइनवर साहित्य आलं की तो बदलत नाही. प्रकल्प उघडल्याबरोबर सेटिंगमध्ये २५ करा, मग फोल्डर आत घ्या. क्रमवार फोटो तिथे एकच क्लिप म्हणून दिसतात.

क्लिप आधी आहे तशी, संगीत न घालता, पूर्ण पडद्यावर पाहा. कुठे धक्का दिसला तर त्या फ्रेमचा क्रमांक काढा आणि शेजारच्या दोन फ्रेमशी ताडून पाहा. एखादीच फ्रेम हललेली असेल तर ती काढून आधीची फ्रेम दोनदा ठेवा, डोळ्याला कळत नाही. सलग दहा-बारा हललेल्या असतील तर स्टॅबिलायझरने थोडी सुधारणा होते, पण कडा कापल्या जातात. क्षितिज सतत कलत गेलं असेल तर ट्रायपॉडचा पाय रुतला होता, हे नक्की. ती मालिका पुन्हा घ्यायला जा आणि या वेळी विटांचे तुकडे बरोबर न्या.